डेझीचं माप

हसायचं ते आत्ताच हसून घ्या बाबांनो, म्हणजे मला मध्ये थांबायला नको. कारण आज जी फजिती सांगणार आहे ती तुमच्यापैकी कुणाची नाही, खुद्द माझी आहे. जन्मभर मी लोकांच्या टोप्या उडवल्या. कुणाच्या चहात मीठ घातलं, कुणाचा बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधून आलो, एका मास्तरांच्या सायकलीची घंटा काढून त्यांच्याच बोकडाच्या गळ्यात घातली. पण माझी टोपी उडाली ती एका फुलापायी. आणि फूल तरी कसलं? वास नाही, वजन नाही, देवाला चालत नाही, अंबाड्यात टिकत नाही. डेझी!

आता हा किस्सा मी साठ वर्षं सांगतोय. गावात कुत्र्यामांजरांनाही पाठ झालाय. मग आज कागदावर का उतरवतोय? तर परवा त्याला एक नवं शेपूट फुटलं. तेवढ्यासाठी शेवटपर्यंत वाचा. आणि माझं शिक्षण मराठी चौथी नापास, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नका. ते काम ज्यांच्या सायकलीची घंटा मी काढली त्यांचं होतं.

तर मी मिरजगावचा. आमचा बाप बाजारात मापाडी. शेतकऱ्यानं ज्वारीची रास ओतायची, बापानं मापानं मोजून व्यापाऱ्याच्या पोत्यात टाकायची. मी चालायला लागल्यापासून त्याच्या जोडीला. ‘लाभ… दोन… तीन… चार…’ असं ओरडत ओरडतच माझा आवाज फुटला. शाळेत पाढे आले नाहीत, पण माप टाकताना माझा आकडा कधी चुकला नाही. हे ध्यानात ठेवा. फार अभिमान होता मला त्याचा.

पुढं लढाई सुरू झाली. नगरच्या कँपात गोरे साहेब इतके आले की बंगले पुरेनात, आणि बंगल्यांना माळी पुरेनात. मी गेलो आणि सांगितलं, ‘माळी हाय.’ बाग म्हणजे काय असते हे मी तोवर फक्त बाहेरून, तेही पेरू चोरताना पाहिलेलं. पण मेमसाहेबाला मराठी येत नव्हतं आणि मला इंग्रजी, त्यामुळं दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसला.

त्या मेमसाहेबाचा जीव एका वाफ्यावर होता. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं बटण. बाकी गुलाब सुकला तरी ती बोलायची नाही, पण ह्या वाफ्यावर झारी धरताना मागं उभी राहायची. मला वाटलं काहीतरी औषधी असणार. खानसाम्याला विचारलं.

खानसामा म्हणजे शमुवेलकाका. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला, रविवारी देवळात पेटी वाजवणारा, खोटं म्हणून कधी न बोलणारा आणि खरं बोलताना समोरच्याला कधी न सोडणारा माणूस.

‘काका, ह्ये फूल कशाचं?’

‘डेझी म्हणतात.’

‘उपयोग काय?’

‘बोलायला,’ काका म्हणाले.

‘म्हंजे?’

‘रंगोबा, आपल्याकडं नाक चाफेकळी, डोळे कमळ, आन् वर्सभरानं पावणा आला की त्याला उंबराचं फूल म्हणतोस का न्हाई? तसं साहेबाच्या बोलण्यात ही डेझी. मेमसाहेब आंघोळ करून झोकात बाहेर आली की साहेब म्हणतो, डेझीसारखी ताजी दिसतीस. एखादा मेला, पुरला, की म्हणतात, आता त्यो खालून डेझी उगवतोय. पोरगी झाली, ठेव नाव डेझी. आन् कविता! आमच्या शाळेच्या पुस्तकात दोन पानं उलटली की डेझी. नदीकाठी डेझी, थडग्यावर डेझी, मेंढराच्या पायाखाली डेझी.’

‘मेंढराच्या पायाखाली? आन् त्याच्यावर कविता?’

‘तेच तर. आपला कवी कमळाच्या खाली उतरत न्हाई. त्यांचा गवतात बसतो.’

मी त्या फुलाकडं नव्यानं पाहिलं. जन्माला येताना ताजं, मेल्यावर डोक्यावर! आमच्या शेवंतीला एवढा मान कुणी दिला होता? बिचारी बाजारात पाटीत पडून राहायची.

आणि शेवंती म्हटलं की मला हौसा आठवायची.

हौसा म्हणजे किसनतात्यांची लेक. तात्यांचा मिरजगावला विहिरीवर फुलांचा मळा. आमच्या नात्यातलेच, पण लांबचे. हौसा बाजाराच्या दिवशी शेवंतीची पाटी घेऊन बसायची. एकदा मी काय केलं, एक चांगला गुटगुटीत बेडूक धरला आणि तिचं लक्ष नाही असं बघून पाटीत सोडला. तिनं हात घातला. दुसरी एखादी पोरगी किंचाळून पळाली असती. ही किंचाळली नाही. बेडूक उचलून बाजूला ठेवला, सावकाश उठली आणि आख्खी पाटी माझ्या डोक्यावर पालथी घातली. मी फुलांत, वर पाटी, बाजार हसतोय. आत अंधारात बसल्याबसल्या मी ठरवलं, करीन तर हिलाच!

आईला सांगितलं. आईनं तात्यांच्या कानावर घातलं. आता त्या काळी काय असायचं, बापानं सुपारी फोडली की पोरीनं मान खाली घालायची. पण तात्या वेगळेच. म्हणाले, ‘हौसीला आई न्हाई. मी तिला इचारल्याबिगर पान हालवत न्हाई. ती हो म्हन्ली तर हो, न्हाई म्हन्ली तर तुमचा आमचा रामराम.’

‘मग इचारा की,’ आई म्हणाली.

‘आता पौष लागलाय. पौषात कुठं सोयरीक बोलत्यात? पौष सरू दे, मग सांगू.’

झालं! आख्खा पौष माझ्या मानगुटीवर बसला. मी कँपात, हौसा मिरजगावला, मध्ये दिवसातनं एकदा जाणारी सर्व्हिस मोटार. तुम्ही म्हणाल, एक महिना तर होता. अहो, तुमच्या डोक्यावर कधी कुणी पाटी पालथी घातली आहे का? जिनं घातली ती हो म्हणेल का? मी माझ्या बाजूनं विचार करायचो तेव्हा ती पाटी प्रेमाची वाटायची. तिच्या बाजूनं विचार केला की बेडूक आठवायचा.

आणि नाही म्हणाली तर? आख्खं गाव वाट बघत बसलं होतं. ज्यांचे बैल मी बदलले, ज्यांच्या चहात मीठ घातलं, ते सगळे. ‘रंग्याला पोरीनं नाकारलं’ एवढ्या एका वाक्यावर गावानं वर्षभर जेवण केलं असतं. झाडाला पाणी घालायचं सोडून मी एकदा मेमसाहेबाच्या झोपलेल्या कुत्र्यावर झारी धरली.

अशातच एका सकाळी पाहिलं, आमच्या शेजारच्या बंगल्यातला छोटा साहेब बाकावर बसलाय. सहा फूट उंच गोरा, कमरेला पिस्तूल, आणि हातात डेझी. एकेक पाकळी तोडतोय आणि ओठ हलवतोय. शेवटची तोडली आणि गडी लहान पोरासारखा हसत, शीळ घालत निघून गेला.

मी धावत स्वयंपाकघरात. ‘काका, छोट्या साहेबाला लागिर झालंय!’

काकांनी खिडकीतून पाहिलं. ‘लागिर न्हाई. दवाखान्यात एक नर्स हाय, तिच्यावर जीव बसलाय त्याचा. फुलाला इचारतोय. एक पाकळी तोडायची, म्हणायचं, माझ्यावर जीव हाय. दुसरी तोडायची, न्हाई. हाय, न्हाई, हाय, न्हाई. शेवटच्या पाकळीला जे येईल ते खरं.’

‘आन् ते खरं निघतं?’

‘त्यांच्या कवितेत निघतं.’ काका कांदा चिरायला लागले. ‘पण तू त्या नादाला लागू नगंस. शुभवर्तमानात ह्ये कुठं लिहिलेलं न्हाई.’

आता मला सांगा, एवढं कळल्यावर कुणी गप्प बसेल? मिरजगावात आम्ही देवाला फूल लावून कौल मागतोच की. उजवं पडलं तर काम होणार, डावं पडलं तर नाही. मग ह्या फुलानं काय घोडं मारलंय? उलट हे जास्त हिशेबी. मोजून उत्तर देतं! आणि मोजायला कोण? मिरजगावच्या मापाड्याचा पोरगा!

दुपारी मेमसाहेब झोपली. मी वाफ्यात गेलो, हात धुतले, चपला काढल्या, पूर्वेला तोंड केलं, एक चांगली टपोरी डेझी निवडली. ‘लाभ!’ म्हणून पाकळीला हात घातला आणि सुरू केलं. हाय… न्हाई… हाय… न्हाई… हाय… न्हाई… पिवळ्या बटणाभोवती शेवटच्या दोन उरल्या. हाय… न्हाई.

न्हाई!

म्हटलं, असेल, हे एक फूल खडूस असेल. दुसरं घेतलं. न्हाई. तिसरं दुसऱ्या टोकाचं घेतलं, न्हाई. एकदा मात्र ‘हाय’ आलं! मी उडी मारणार तेवढ्यात खाली बघतो तर एक पाकळी आधीच गळून मातीत पडलेली. ती धरली की पुन्हा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सोमवार धरला, उपाशी राहिलो, ओलेत्यानं गेलो. न्हाई.

काकांना विचारलं, ‘काका, ह्या फुलाला मराठी कळत नसंल का?’

‘विलायती हाय, नसंलही.’

मग काकांकडून दोन शब्द पाठ केले. लव्ह, नॉट लव्ह. पुन्हा हात धुतले, चपला काढल्या, ‘लाभ!’ म्हणालो आणि इंग्रजीत सुरुवात केली. लव्ह… नॉट लव्ह… लव्ह… काय झालं असेल? नॉट लव्ह! इंग्रजीतही नाही, मराठीतही नाही. आता उरली होती फक्त मोडी.

मनात आलं, परक्या फुलाला आपल्या पोरीचं मन काय कळणार? आपलं फूल घेऊ. नगरच्या बाजारातून शेवंती आणली. बसलो. अहो, शेवंतीच्या पाकळ्या! तोडतोय, तोडतोय, संपेचनात. बाजूला ढीग लागला. तिच्या एका पाकळीखाली चार पाकळ्या लपलेल्या असतात, आमच्या नातेवाइकांसारख्या. सूर्य कलला. अगदी शेवटाला आलो आणि मला अशी सणसणीत शिंक आली की तोडलेलं, न तोडलेलं सगळं उडालं. हाय का न्हाई, कुठं होतो तेही आठवेना. तेव्हा मला कळलं, आमच्या कवींनी शेवंतीला का विचारलं नाही ते. वेळ कुणाला आहे?

पुन्हा डेझीकडं आलो. आणि बघता बघता वाफा टकला झाला.

मेमसाहेबाच्या हे ध्यानात यायलाच हवं होतं. तिच्या बंगल्यावर मोठ्या साहेबांची चहापार्टी ठरलेली. त्यासाठी तर तिनं तो वाफा जपला होता. एका सकाळी ती बाहेर आली, वाफ्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला की जणू बंगल्यावर बाँब पडला.

‘माली! ये किसने किया?’

तोंडातून निघून गेलं, ‘बंदर, मेमसाब!’

‘बंदर?’

‘लई बडा बंदर. फूल तोडता, पत्ती पत्ती करता, फेक देता.’

मागं काका उभे होते. खोटं न बोलणारा माणूस! ते म्हणाले, ‘मेमसाब, मैं उस बंदर को पहचानता हूँ.’ पण पुढं त्यांनी काही सांगितलं नाही, नुसते माझ्याकडं बघत राहिले. ते बघणं शिक्षेपेक्षा वाईट होतं.

मेमसाहेबानं हुकूम काढला. उरलेल्या फुलांवर दिवसभर पहारा बसवायचा. पहाऱ्याला कोण? मीच! हातात पत्र्याचा डबा, माकड आलं की वाजवायचा. म्हणजे पोटात शंका, समोर फुलं, आणि सगळं जग सांगतंय की बाबा, उठू नको, इथंच बस. एकदा तर मी हात पुढं केला आणि माझ्याच हातावर डबा वाजवला.

पण किती दिवस? पौष सरत आला. तात्यांचा निरोप आज येईल का उद्या येईल, अशी वेळ आली. मी म्हटलं, एक शेवटचं. देवाचं नाव घेतलं, मापाचं नाव घेतलं, आणि वाफ्यातली सगळ्यात सुंदर डेझी तोडली.

न्हाई.

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, ती नाहीच म्हणणार, हे तर ठरलं. मग गावासमोर नकार घ्यायचा कशाला? आपणच आधी नको म्हणावं! म्हणजे लोक म्हणतील, रंग्यानंच सोयरीक मोडली. इज्जत राहील. झाली का नाही युक्ती? मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून दुखते.

मोटारीच्या ड्रायव्हरला, गफूरभाईंना, अड्ड्यावर गाठलं. ‘गफूरभाई, मिरजगावला किसनतात्यांना एवढा निरोप द्या. रंगनाथला ही सोयरीक नको.’

‘का रे? पोरगी तर चांगली हाय.’

‘तुमी फक्त निरोप द्या.’

‘देतो बाबा. पण तात्याच्या हातात काठी असली तर मी लांबूनच देईन.’

मोटार धूळ उडवत गेली आणि मला एकदम मोकळं मोकळं वाटलं. ते मोकळेपण सोलापूर रस्त्याच्या पहिल्या वळणापर्यंत टिकलं. मोटार दिसेनाशी झाली आणि माझ्या डोळ्यांपुढं हौसाचा चेहरा आला. मी मोटारीमागं धावलो सुद्धा! पण सर्व्हिस मोटार, एरवी बैलगाडीच्या मागं राहणारी, नेमकी त्या दिवशी घोड्यासारखी पळाली.

आणि उजाडला चहापार्टीचा दिवस.

हिरवळीवर टेबलं, पांढऱ्या चादरी, चकचकीत बूट, मेमसाहेबांच्या टोप्या. उरलेल्या चार डेझी काचेच्या ग्लासात घालून मधल्या टेबलावर ठेवलेल्या. काका ताट घेऊन फिरतायत. मी धुतलेला सदरा घालून फाटकाजवळ उभा. इतक्यात रस्त्यावरून आवाज आला.

‘रंग्याऽऽ! कुठं हाय त्यो रंग्याऽऽ!’

किसनतात्या! डोक्याला पटका, हातात काठी. आणि मागं, पदर खोचून, हौसा. नगरला फुलं विकायला आले होते म्हणे, पाटी रिकामी करून थेट इकडं. रिकामी पाटी हौसाच्या हातात होती. माझा हात आपोआप डोक्यावर गेला.

‘तात्या, हळू! साहेब लोक हायेत.’

‘साहेबाला मी काय भितो? माझ्या पोरीत खोट काय हाय ते सांग! तिरळी हाय? लंगडी हाय? का मुकी हाय?’

‘मुकी तर न्हाईच,’ मी म्हणालो.

‘मग नको का म्हन्लास?’

‘तात्या, तीच नको म्हणणार हुती. म्हणून मी आधी म्हन्लो.’

‘ती नको म्हणणार हुती? ह्ये कोन म्हन्लं तुला?’

आता खोटं बोलायला हरकत नव्हती. पण भीतीनं माणूस खरं बोलतो हो.

‘फूल म्हन्लं.’

तात्यांनी काठी खाली घेतली. काकांकडं वळले. काका ताट घेऊन फाटकापाशी आले होते. तात्या त्यांना हळूच म्हणाले, ‘पावणं, ह्याच्या डोक्यात ऊन गेलंय का?’

हौसा माझ्यापासून दोन हातांवर उभी. पण सोयरिकीतली पोरगी, माझ्याशी थेट कशी बोलणार? ती तात्यांच्या पाठीला म्हणाली, ‘तात्या, त्यांस्नी सांगा, मी हो म्हणणार हुते.’

हो म्हणणार होती! आणि मी? मी हातानं, गफूरभाईच्या मोटारीत बसवून, स्वतःचं नशीब परत पाठवलं होतं!

‘तात्या, तिला सांगा, माझी चूक न्हाई. मी कितींदा इचारलं. मराठीत इचारलं, इंग्रजीत इचारलं, उपाशी इचारलं!’

‘तात्या, त्यांस्नी म्हणावं, कसं इचारलं ते दावा.’

काकांनी टेबलावरच्या ग्लासातून एक डेझी आणली आणि माझ्या हातात दिली. तोपर्यंत दोनचार साहेब, मेमसाहेब, सगळे चहाचे कप घेऊन गोळा झाले. पार्टी फाटकापाशी आली! पण रीत ती रीत. चपला काढल्या, पूर्वेला तोंड केलं.

‘लाभ!’ पहिली पाकळी तोडून खाली टाकली. तात्यांनी मान डोलावली. ‘हाय… न्हाई… हाय… न्हाई…’ तात्या प्रत्येक पाकळीला मान हलवतायत. त्यांनी हयातभर माझ्या बापाकडून माप घालून घेतलेलं, त्यांना त्यात काही वावगं दिसेना. शेवटची पाकळी. ‘न्हाई! बघितलं? बघितलं तात्या? म्या काय करू?’

तात्या गंभीर झाले. ‘खरंच न्हाई म्हनतंय की गं हौसे.’

हौसा खाली वाकली. मी टाकलेली पहिली पाकळी उचलली आणि तात्यांच्या डोळ्यापुढं धरली.

‘तात्या, त्यांस्नी इचारा, ही कुणाची?’

‘लाभाची,’ मी म्हणालो.

‘तात्या, त्यांस्नी इचारा, पोरगी मी हाय का लाभ हाय?’

माझ्या डोक्यात उजेड पडला आणि तो पडताना फार मोठा आवाज झाला. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. जन्माची सवय. आणि मी पहिली पाकळी दरवेळी लाभाच्या नावानं बाजूला टाकून ‘हाय’ दुसरीपासून धरत होतो! एक पाकळी सरकली की आख्खं उत्तर सरकलं. जिथं ‘हाय’ यायचं तिथं ‘न्हाई’ येऊन बसलं. महिनाभर, वाफाभर!

‘काका!’ मी ओरडलो. ‘तुमी सांगितलं का न्हाई?’

‘अरे, तू लाभ म्हणतोस ह्ये मला काय ठाऊक? इंग्रज पहिल्या पाकळीपासनंच जीव लावतो. लाभ पुढं बघून घेतो.’

दुसरी डेझी आली. ह्यावेळी हौसानं पाटी तयार धरली होती, लाभ म्हणालो की डोक्यात. मी ‘लाभ’ गिळून सुरुवात केली. हाय… न्हाई… आणि शेवटची पाकळी. हाय!

तात्या एवढे हसले की पटका सुटला. काकांनी सगळं मेमसाहेबाला इंग्रजीत सांगितलं. ती ऐकत गेली, ऐकत गेली, मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, ‘तो वो बंदर तुम था!’ आणि साहेब लोकांत अशी हशाची लाट उठली की चहा कपातून बशीत आला. मेमसाहेब मनाची मोठी. उरलेल्या दोन डेझी तिनं हौसाच्या हातात दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी मला बागेतून काढून घोड्यांच्या पागेत धाडलं. घोड्याला पाकळ्या नसतात.

माघात आमचं लग्न झालं. सप्तपदीला भटजी म्हणाले, पहिलं पाऊल टाका. मी पाऊल टाकलं, आणि सवयीनं तोंडातून निघालं, ‘लाभ!’ मांडवात पळायला जागा नव्हती.

हां, त्या छोट्या साहेबाचं राहिलं. त्याचं फूल रोज ‘हाय’ म्हणायचं. अगदी शुद्ध इंग्रजी मोजणी, पहिल्या पाकळीपासून. ती नर्स एका कप्तानाशी लग्न करून गेली. तेव्हा मी ह्या गोष्टीला फार हसलो होतो. हसायला नको होतं, आता कळतंय.

कारण आता ते शेपूट.

परवा चार मित्र आले होते. ओट्यावर चहा चालला होता आणि मी रंगात येऊन हाच किस्सा सांगत होतो. हौसा दारात बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. साठ वर्षं ती हा किस्सा ऐकते आणि पदर तोंडाला लावून हसते. परवा मी ‘पोरगी मी हाय का लाभ हाय’ पर्यंत आलो, मित्र लोळायला लागले, आणि ती म्हणाली, ‘अवं, एक इचारू का?’

‘इचार की.’

‘तुमच्या मोजणीनं त्या फुलानं काय सांगितलं हुतं?’

‘न्हाई म्हणून सांगितलं हुतं. खोटं!’

‘मग खरंच सांगितलं हुतं की,’ ती शेंग मोडत म्हणाली. ‘म्या न्हाईच म्हणणार हुते.’

मित्र लोळायचे थांबले.

‘काय?’

‘बेडूक घालणाऱ्याला कोन हो म्हनंल? म्या तात्याला सांगणारच हुते, नको म्हणून. एवढ्यात गफूरभाई आला आन् म्हन्ला, रंगनाथला सोयरीक नको. असा राग आला मला! म्हटलं, मला न्हाई म्हणणारा ह्यो कोन? आता करीन तर ह्यालाच. मग तात्याला म्हन्ले, म्या तर हो म्हणणार हुते, चला नगरला.’

‘आन् हे तू आज सांगतीस?’

‘तुमी इतकं झोकात सांगायचा. म्हटलं, कशाला मोडा.’

माझे मित्र! ज्यांच्या चहात मी मीठ घातलं ते मित्र! ते काय हसले हो. एकजण ओट्यावरून खाली पडला आणि खाली पडून हसत राहिला. साठ वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की लाभ म्हटल्यामुळं माझं माप चुकलं. आणि माप तर पाकळीसुद्धा चुकलं नव्हतं! चुकला होता तो लाभ न म्हणता मोजणारा छोटा साहेब.

मी जरा सावरलो. म्हटलं, ‘बरं, तेव्हाचं जाऊ दे. आन् आता? एवढा संसार झाला. आता तरी मनात हाय का न्हाई?’

ती उठली. माझ्या शेजारी बसलेल्याचा रिकामा कप उचलला आणि म्हणाली, ‘लाभ.’

दुसऱ्याचा उचलला. ‘हाय.’

तिसऱ्याचा. ‘न्हाई.’

चौथ्याचा. ‘हाय.’

आणि माझ्यापुढं हात केला.

माझा चहा केव्हाच संपला होता. पण दिवेलागण झाली, मित्र घरी गेले, ती दोनदा हाक मारून गेली, तरी कप मी सोडला नाही.